विद्यापीठाची वेबसाइट गळ्यात पडली आहे? टेम्प्लेट आणि नियम बसवताना मी शिकलो ते

एखाद्या दिवशी कुलसचिव कार्यालयातून पत्र येतं : ‘आपल्या मूळ कामाव्यतिरिक्त संकेतस्थळ समन्वयक म्हणून अतिरिक्त कार्यभार सोपवण्यात येत आहे.’ मानधनाचा उल्लेख नसतो. त्याच दुपारी पहिला फोन येतो, “नोटीस चढली का हो?” आणि लॉगिन अजून आपल्याला मिळालेलंच नाही हे तेव्हा लक्षात येतं.

माझं असंच झालं. मुंबईतल्या एका विद्यापीठात मी हे काम सहा वर्षं केलं. पहिल्या दिवशी साइट उघडली तेव्हा मुखपृष्ठावर तीन ओळी उजवीकडून डावीकडे पळत होत्या. ‘न्यू’चा लाल बिल्ला दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या निविदेवर लुकलुकत होता. विद्यापीठाचा मरून रंग एका विभागात विटकरी, दुसऱ्यात जांभळट, तिसऱ्यात थेट गुलाबी. एका विभागाने बोधचिन्ह आडवं ताणून बसवलं होतं, त्यामुळे गोलाचा पापड झाला होता.

तुम्हाला कोडिंग येत असलं तर उत्तम, पण नसलं तरी अडणार नाही. या कामात कोडपेक्षा फोन, पत्रं आणि मनधरणी जास्त असते. मी ज्या क्रमाने केलं त्यापेक्षा ज्या क्रमाने करायला हवं होतं, तो क्रम इथे देतो.

१. आधी कागद ताब्यात घ्या

रंग, फॉन्ट, मेनू यांना हात लावण्याआधी पुढच्या गोष्टी मागून घ्या. तोंडी नको, मेलवर मागा.

- डोमेनची फाइल. ‘डॉट एसी डॉट इन’ नावं अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडे नोंदवली जातात. नोंदणी कोणत्या मेल पत्त्यावर आहे आणि मुदत कधी संपते ते पाहा.
- होस्टिंगचा करार, कंत्राटदाराचा कार्यादेश, वार्षिक देखभालीचा करार.
- साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राची शेवटची तारीख.
- मागच्या सुरक्षा तपासणीचा अहवाल. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, यादीतल्या लेखापरीक्षकाकडूनच केलेली असावी.
- लॉगिन असलेल्या सगळ्या माणसांची यादी.
- बोधचिन्हाची मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी. लेटरहेड स्कॅन करून कापलेली चालणार नाही.
- बॅकअप कुठे ठेवला जातो, आणि तो परत चढवून कोणी कधी पाहिलाय का.

सापळा पहिल्याच कागदात आहे. आमच्या डोमेनच्या नूतनीकरणाच्या सूचना निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या खाजगी मेलवर जात होत्या. ते गावी, सावंतवाडीला. मेल उघडतात महिन्यातून एकदा. नशिबाने मुदतीच्या नऊ दिवस आधी त्यांचाच फोन आला, “अहो, हे काहीतरी पैसे भरायचं आलंय, तुमचं आहे का?” नोंदणीचा पत्ता व्यक्तीचा असेल तर आजच बदलायला घ्या. पदाच्या नावाने मेल उघडा आणि तो किमान दोन जणांना दिसेल असं करा.

२. पानं मोजा

कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. एक एक्सेल उघडा. प्रत्येक पानाची एक ओळ : पत्ता, शीर्षक, भाषा, शेवटचा बदल कधी, जबाबदार माणूस कोण, पान कोणत्या प्रकारचं. शेवटच्या रकान्यात निर्णय : ठेवायचं, जोडायचं की संग्रहात टाकायचं.

‘जबाबदार माणूस’ हा रकाना भरताना खरी परिस्थिती कळते. विभागप्रमुखांचा संदेश असलेल्या पानावर दोन प्रमुख मागचे सर अजून हसत उभे असतात. ते पान कोणाचं विचारलं की विभाग कार्यालयाकडे बोट दाखवतो, कार्यालय संगणक केंद्राकडे, आणि संगणक केंद्र तुमच्याकडे. ज्या पानाला महिनाभर मालक मिळाला नाही ते मी संग्रहात टाकत गेलो. एकदाच ओरड झाली, आणि ओरडणाऱ्या मॅडमनाच मी त्या पानाचं मालक केलं.

इथे एक धोक्याची सूचना. जुनं पान थेट उडवू नका. नॅक ही उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्यासाठीच्या स्वयंमूल्यांकन अहवालात आणि दरवर्षीच्या गुणवत्ता अहवालात (एक्यूएआर) पुरावा म्हणून शेकडो लिंक दिलेल्या असतात. तुम्ही नीटनेटकेपणाच्या भरात फोल्डरचं नाव बदललंत तर नॅकच्या पडताळणीत त्या सगळ्या लिंक मेलेल्या निघतात, आणि आयक्यूएसीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयक तुमच्या टेबलासमोर उभ्या राहतात. पत्ता बदलायचाच असेल तर जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण लावा. तांत्रिक भाषेत ‘३०१ रीडायरेक्ट’. आणि काम सुरू करण्यापूर्वी आयक्यूएसीकडून लिंकांची यादी मागून घ्या.

३. कायदा काय मागतो ते एका कागदावर लिहा

“हे पान कशाला हवं?” आणि “हे पान का नाही?” हे दोन्ही प्रश्न तुम्हाला रोज विचारले जाणार. उत्तर भिंतीवर चिकटवलेलं असलं की वाद कमी होतात. माझ्या कागदावर होतं ते असं.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख) : १७ बाबी आपणहून जाहीर करायच्या, आणि दरवर्षी अद्ययावत करायच्या. बहुतेक साइटवर ही एकच स्कॅन केलेली फाइल असते, आणि तिच्यातला जनमाहिती अधिकारी कधीच बदलून गेलेला असतो. १७ बाबींची १७ साधी पानं करा, म्हणजे एक बदललं तर एकच बदलावं लागतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ : साइट सर्वांना वापरता आली पाहिजे. त्याच्या नियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन आयएस १७८०२ हे भारतीय मानक आलं. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची, म्हणजे जीआयजीडब्ल्यूची, तिसरी आवृत्तीही २०२३ ची. ती डब्ल्यूसीएजी २.१ या साइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची ‘एए’ पातळी धरते. आपल्याला नेमकं कोणतं लागू होतं यावर बैठकीत तासभर वाद होऊ शकतो. आमच्याकडे झाला. ‘एए’ पातळी गाठायची असं लिहून टाका आणि चहा मागवा.

यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ : समितीची आणि लोकपालांची माहिती साइटवर ठळक हवी. त्याच ओळीत रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीचे सदस्य. एनआयआरएफला, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीला, दिलेली आकडेवारीही साइटवर लागते.

या सगळ्यांच्या लिंक मी तळपट्टीत, म्हणजे फूटरमध्ये, कायमच्या बसवल्या. फूटर टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या ठरलेल्या साच्यात, कुलूपबंद असतो, त्यामुळे कोणत्याही विभागाच्या कोणत्याही पानावरून त्या गायब होत नाहीत.

४. टेम्प्लेट कमी ठेवा, रकाने पक्के ठेवा

आम्ही सात टेम्प्लेटवर थांबलो : मुखपृष्ठ, विभाग, अभ्यासक्रम, शिक्षक, सूचना, कार्यक्रम, आणि बाकी सगळ्यासाठी साधं पान. आठवं मागणारे खूप भेटतील. “आमची प्रयोगशाळा दाखवायला वेगळं हवं.” साध्या पानात ती बसते का ते आधी करून दाखवा. आमच्याकडे बहुतेक वेळा बसली.

साइट चालवायचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस असो की ड्रूपल, मोठी रिकामी चौकट देऊन ‘इथे लिहा’ म्हणू नका. माणूस वर्डमधून चिकटवतो, आणि त्याबरोबर चार फॉन्ट, हिरवी अक्षरं आणि तुटकी कोष्टकं येतात. त्याऐवजी रकाने द्या. शिक्षकाच्या पानाचं उदाहरण घ्या : नाव मराठीत, नाव इंग्रजीत, पद, शिक्षण, संशोधनाचे विषय, कार्यालयीन मेल, खोली क्रमांक, भेटण्याची वेळ. इतकंच. रंग, अक्षराचा आकार, फोटोची चौकट यांना हात लावायची सोयच ठेवायची नाही. ‘बायोडेटा जोडा’ हा पर्यायही मी काढून टाकला, कारण त्या फाइलींमध्ये घरचा पत्ता, जन्मतारीख, एकदा तर पॅन क्रमांक निघाला.

विभागाच्या टेम्प्लेटमध्ये सगळ्यात वर काय असावं यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. प्रमुखांचा फोटो आणि संदेश वर हवा, असं बहुतेक प्रमुखांचं मत. मी विभागाच्या शिपाईदादांना विचारलं, दारात येऊन मुलं काय विचारतात? ते म्हणाले, “ऑफिस कितीला उघडतं, फॉर्म कुठे मिळतो, आणि सर आहेत का.” तेच तीन रकाने वर घेतले. संदेश खाली गेला. कुणी बघतही नाही.

रंगांबद्दल एक संवाद देतो, तुम्हालाही करावा लागणार.

“आमचा विभाग वेगळा आहे हो. आम्हाला ही पट्टी निळी पाहिजे.”

“करतो ना मॅडम. पण मग उद्या रसायनशास्त्रवाले हिरवी मागतील, त्यांनाही द्यावी लागेल.”

“त्यांना कशाला?”

मी काही बोललो नाही. पट्टी मरूनच राहिली.

मुखपृष्ठावरच्या सरकत्या चित्रांबाबत नियम लिहून ठेवा : प्रत्येक चित्राला उतरण्याची तारीख, एका वेळी तीनपेक्षा जास्त नाहीत. पळणाऱ्या ओळी बंदच करा. आपोआप हलणारा मजकूर पाच सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर तो थांबवता आला पाहिजे, असं डब्ल्यूसीएजी सांगतं. ‘नियम आहे’ म्हटलं की कुणाचा अहंकार दुखावत नाही. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरंही याच नियमांत अडकतात. साध्या अक्षरांसाठी रंगांचा फरक ४.५ ला १ हवा, आणि झेंड्याच्या केशरीवर पांढरं घेतलं तर तो तेवढा भरत नाही.

५. नियमावलीत देवनागरीसाठी वेगळं पान लिहा

तयार थीम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. मराठी मजकूर टाकला की वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात आणि उकार खालच्या ओळीत घुसतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.७ पट ठेवा. अक्षरांमधलं अंतर शून्य. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून थीमवाले ते वाढवतात आणि आपली शिरोरेषा तुटते, ‘विद्यापीठ’चे चार तुकडे होतात. तिरपी अक्षरं बंद करा. फॉन्टसाठी मुंबईच्याच एक टाइपचा ‘मुक्त’ घ्या किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही विनामूल्य.

पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली आहे ना, ते कंत्राटदाराला विचारा. ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ असेल तर दोन गोष्टी बिघडतात. पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चुकीच्या उच्चारांनी वाचतं. आणि ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, तिथे ती न येता हिंदी वळणं येतात. इतकी बारीक गोष्ट कोण बघतं, असं मलाही वाटायचं. मराठी विभागातल्या एका निवृत्त बाईंनी पोस्टकार्ड पाठवलं, तेव्हा कळलं कोण बघतं.

जुन्या फॉन्टचं दुखणं यापेक्षा मोठं. कृतीदेव किंवा डीव्हीबी योगेशमध्ये टाइप केलेलं पत्र कागदावर छान दिसतं, पण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. साइटवर चिकटवलं की कचरा. पीडीएफ केली तर दिसते मराठी, पण शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात, तरी त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका, जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास घसरतात. आमच्याकडे मानधनाच्या परिपत्रकात ‘आचार्यांना’ऐवजी ‘आचाऱ्यांना’ झालं. कॅन्टीनमधले दोन जण खरंच चौकशीला आले होते. त्यांना काय सांगायचं, ते मी लेखा विभागावर सोडलं.

आकड्यांचाही निर्णय एकदा घ्या. पानावर ‘२०२४-२५’ देवनागरीत असेल आणि मुलगा ब्राउझरच्या शोधात इंग्रजी आकडे टाकत असेल, तर त्याला ते सापडण्याची खात्री नाही. आम्ही मजकुरात देवनागरी आकडे ठेवले, पण वर्ष आणि परिपत्रक क्रमांक इंग्रजी आकड्यांतही शोधपट्टीला कळतील असे वेगळ्या रकान्यात भरले. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ‘५/६’ म्हणजे पाच जून की सहा मे, यावरून मुलं फॉर्मची तारीख चुकतात. फाइलचं नाव मात्र इंग्रजी लिपीत, लहान, मोकळ्या जागा न सोडता. देवनागरी नावाची लिंक व्हॉट्सॲपवर गेली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे.

आणि एक शब्दसूची. ‘कलिना’ की ‘कालिना’, ‘सूचना’ की ‘सुचना’ (हे दुसरं चूक, पण रोज दिसेल), ‘पदव्युत्तर’ की ‘पदवीत्तर’, विभागांची अधिकृत नावं दोन्ही भाषांत. जुनी नावंही शोधपट्टीला शिकवा. मुंबई विद्यापीठाचं इंग्रजी नाव १९९६ साली बदललं, तरी जुन्या पदवीधरांच्या हातातल्या प्रमाणपत्रावर ‘बॉम्बे’च आहे आणि ते तेच शोधतात.

६. परिपत्रकाचा प्रवास बदला

बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे एक करा.

आमच्याकडे परिपत्रक असं जन्माला यायचं. लिपिक संगणकावर टाइप करणार. प्रिंट. उपकुलसचिवांची सही. जावक विभागात ताई रजिस्टरमध्ये क्रमांक घालणार, तोच हाताने कागदावर लिहिणार, आणि गोल शिक्का मारणार, तो बरोबर शेवटच्या तारखेवर. मग कागद झेरॉक्सच्या मशीनवर जरा तिरका ठेवून स्कॅन. फाइलचं नाव ‘स्कॅन ००४७’. वजन १८ एमबी. ती मला व्हॉट्सॲपवर, “अर्जंट आहे, चढवा.”

म्हणजे जो मजकूर सकाळी संगणकात अक्षररूपात होता, तो दुपारी फोटो झाला.

पुढे एक दिवस बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. दृष्टिहीन. बदलापूरहून यायचा. त्याने फोन टेबलावर ठेवला, इअरफोन काढला आणि म्हणाला, “सर, हे ऐका.” परीक्षा फॉर्मचं परिपत्रक त्याने उघडलं होतं. फोन फक्त फाइलचं नाव वाचून गप्प झाला. “प्रत्येक वेळी असंच. फोन म्हणतो कागद कोरा आहे. मग मला कुणाला तरी विचारावं लागतं, आज काय आलंय.”

त्यानंतर सूचनेचं टेम्प्लेट मी पुन्हा बनवलं. रकाने : विषय, क्रमांक, दिनांक, कोणासाठी, शेवटची तारीख, मजकूर, संपर्क. मजकूर अक्षरांतच भरायचा, नाहीतर ‘प्रकाशित करा’ बटण चालूच होत नाही. सही-शिक्क्याची प्रत खाली जोडायची, तीही २ एमबीच्या आत. शेवटची तारीख भरली की ती उलटल्यावर सूचना आपोआप संग्रहात जाते, लुकलुकत्या ‘न्यू’ची गरजच उरत नाही.

कुरकुर झाली. “दोनदा टाइप करायचं का?” नाही करायचं. लिपिकाकडे वर्डची फाइल असतेच, ती सहीच्या प्रतीबरोबर मेल करायची. हे पटवायला मी जावकच्या ताईंपाशी गेलो, अधिकाऱ्यांकडे नाही. त्या म्हणाल्या, “फाइल मेल केल्याशिवाय मी नंबरच देत नाही, मग बघा.” दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली. तुमच्या कार्यालयात अशी एक ताई असतेच. तिला शोधा.

जुन्या स्कॅनचं काय? चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, बऱ्यापैकी. पण सगळं उकरत बसू नका. चालू वर्षाचं आणि ज्यांची मागणी सतत येते (नियम, अध्यादेश, अभ्यासक्रम) तेवढंच घ्या. परीक्षेची वेळापत्रकं चित्र म्हणून कधीच नकोत. खरं कोष्टक करा, वरच्या ओळीला शीर्षकाची ओळ म्हणून खूण करा.

निकाल आणि गुणवत्ता याद्या चढवताना एकदा थांबा. नाव, मोबाइल, जातीचा प्रवर्ग, कधीकधी आधार क्रमांकही एकाच यादीत येतो. विभागाकडून आलेली एक्सेल जशीच्या तशी चढवू नका. लपवलेले रकानेही उघडून पाहा.

७. माणसं आणि सह्या

नियमावली तुमच्या नावाने काढलीत तर ती तुमचं मत ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे. तिथे मांडा, पुढे मंजुरी घ्या, आणि शेवटी कुलसचिवांच्या सहीचं परिपत्रक. नियमावली चार पानांची असू द्या. आमची पहिली आवृत्ती चाळीस पानांची होती. ती मी सोडून कुणीही वाचली नाही.

प्रत्येक विभागातून दोघं घ्या : एक शिक्षक, एक कार्यालयातलं. शिक्षक एकटा असेल तर परीक्षेच्या काळात पान ओस पडतं. लॉगिन माणसाच्या नावाने द्या. ‘ॲडमिन’ नावाचा सामायिक लॉगिन आणि मॉनिटरवर चिकटवलेला पासवर्ड दिसला की आधी तो बंद करा. विभागाला लिहिण्याचा अधिकार, प्रसिद्ध करण्याचा तुमच्या कक्षाला. चार-सहा महिने नीट काम केलं की सूचनांपुरता प्रसिद्धीचाही द्या, नाहीतर सगळी रांग तुमच्या दारात.

प्रशिक्षण दोन तासांचं, त्यांच्याच संगणकावर, त्यांचीच खरी नोटीस चढवून. प्रोजेक्टरवरच्या सादरीकरणातून कुणी काही शिकल्याचं मी पाहिलं नाही.

काही विभागांनी कंटाळून फुकटच्या सेवेवर स्वतःची साइट थाटलेली असते. रागावू नका, त्यातली काही तुमच्यापेक्षा बरी असतात. ती शोधा, मजकूर आपल्याकडे आणा, आणि त्यांनी तसं का केलं ते विचारा. तुमच्या टेम्प्लेटमध्ये काय कमी आहे ते तिथेच कळेल.

८. बदल कधी करायचा

मे ते ऑगस्ट नाही. प्रवेश, निकाल, नवं सत्र सगळं तेव्हाच. दिवाळीची सुट्टी बरी. चालू साइटवर प्रयोग नको, चाचणीसाठी वेगळी प्रत ठेवा, आणि ती गूगलला दिसणार नाही याची खात्री करा. आमची चाचणी प्रत गूगलमध्ये वर आली होती आणि तिच्यावर ‘कुलगुरूंचे नाव इथे’ असं लिहिलेलं होतं.

नवं टेम्प्लेट कार्यालयातल्या वायफायवर पाहून पास करू नका. संध्याकाळच्या लोकलमध्ये, कुर्ला ते ठाणे, उभ्याने, एका हाताने फोनवर उघडून पाहा. तुमचा विद्यार्थी तसंच पाहतो. ज्या पानाने तेवढ्या प्रवासात तोंड दाखवलं नाही त्यातली चित्रं कमी करा.

मुंबईसाठी एक जादा टेम्प्लेट, आधीच्या सातांत न धरलेलं : तातडीची पट्टी. पावसाने रूळ पाण्याखाली गेले की सकाळी सहापासून हजारो मुलं एकच गोष्ट बघायला येतात, आजचा पेपर आहे की नाही. अशा वेळी चित्रं, स्लायडर सगळं बाजूला सारून नुसता मजकूर दाखवणारं हलकं पान तयार असू द्या : काय रद्द, काय नाही, नवी तारीख कधी कळेल, आणि ही सूचना किती वाजता लिहिली. वेळ नक्की घाला, कारण गेल्या वर्षीच्या सूचनेचा स्क्रीनशॉटही त्याच सकाळी फिरत असतो. पट्टी चढवण्याचा अधिकार तीन जणांना, वेगवेगळ्या उपनगरांत राहणाऱ्या. आमचे तिघंही डोंबिवलीचे होते आणि एका सकाळी तिघांकडेही वीज नव्हती.

साइट हॅक झाली तर सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवावं लागतं, आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. कंत्राटदाराच्या करारात हे दोन्ही आकडे लिहून घ्या.

९. दर तिमाहीला अर्धा दिवस

माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब कीने मुखपृष्ठापासून प्रवेश अर्जापर्यंत जाऊन पाहा. पान २०० टक्के मोठं करा, काही कापलं जातं का बघा. एनव्हीडीए हे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या आणि डोळे मिटून एक सूचना ऐका. वेव्ह किंवा लाइटहाउस या तपासणीच्या साधनांनी दहा पानं तपासा, पण लाइटहाउसच्या शंभरपैकी गुणांवर खूश होऊ नका. कोऱ्या स्कॅनच्या पीडीएफला ही साधनं हातही लावत नाहीत. तुटक्या लिंकांचा अहवाल काढा आणि ज्या त्या विभागाला पाठवा, प्रत आयक्यूएसीला. ती प्रत पाहिली की उत्तरं लवकर येतात.

१०. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी फाइल

ही पहिल्या महिन्यातच उघडा, कारण अतिरिक्त कार्यभार जसा अचानक येतो तसा जातोही. पहिल्या पायरीचे सगळे कागद, पानांची एक्सेल, शब्दसूची, मंजूर नियमावली, टेम्प्लेटच्या मूळ फाइली, कंत्राटदाराशी झालेला पत्रव्यवहार. पासवर्ड बंद पाकिटात, कुलसचिव कार्यालयाच्या तिजोरीत, पाकिटावर तारीख आणि सही. शेवटचं पान मोकळं सोडा, त्यावर ज्या विनंत्या नाकारल्या त्या कारणासकट लिहीत जा. नव्या माणसाकडे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी निळी पट्टी मागायला येणार आहे.